टायर मोठे केलेत, पण क्राऊन-पिनियनचं काय?



शेतमाल वाहणाऱ्या पिकअपना मोठे टायर चढवायचं खूळ आमच्या वाडा तालुक्यात हल्ली फार वाढलंय. कोणी सांगतो गाडी चिखलात फसत नाही, कोणी सांगतो खड्डा कळत नाही. पोरं मात्र खरं बोलतात, "काका, गाडी उंच दिसते, भारी वाटते." दिसते, यात वाद नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याचा वेळ जायला नको. टायर मोठा केला की तुम्ही गाडीचा गिअरच बदललात. मागच्या हौसिंगमधलं क्राऊन-पिनियन त्या मापाने बदलायची तयारी आणि ऐपत असेल तरच या भानगडीत पडा. नसेल तर कंपनीने दिलेल्या मापावर राहा. आणि क्राऊन बदललं तरी एक गोष्ट सुटायची राहतेच, ती पुढे येईल.

मी काही इंजिनिअर नाही, दहावी पास माणूस. पण त्रैराशिक आपल्याला येतं आणि या विषयाला तेवढंच लागतं.

टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं, समजा २१५/७५ आर १५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. २१५ चे ७५ टक्के झाले १६१, वरची बाजू आणि खालची बाजू मिळून ३२२. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. सगळं मिळून साधारण ७०३. हा टायरचा उभा व्यास. हौशी मंडळी १५ इंची रिमवर जो ३१ इंची टायर चढवतात त्याचा व्यास ७८७. म्हणजे १२ टक्के मोठा. लहान टायर एका किलोमीटरला साधारण ४५२ फेरे घेतो, मोठा ४०४ मध्ये काम उरकतो. ऐकायला बरं वाटतं. कमी फेरे, जास्त रस्ता. पण तो जास्तीचा रस्ता फुकट मिळत नाही, ओढीतून कापला जातो.

आता हौसिंगमध्ये काय असतं बघा. गिअर बॉक्सकडून शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला लहान दातेरी पिनियन, ते फिरवतं मोठ्या क्राऊनला, क्राऊन फिरवतं चाकं. समजा क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १०. म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. टायर १२ टक्के मोठा झाला की ओढीच्या हिशेबाने हा ४.१ चा आकडा ३.६६ असल्यासारखा वागतो. दात तेवढेच, पण गाडी जणू वरच्या गिअरला बांधलेली. पूर्वीसारखी ओढ हवी तर हा आकडा ४.६ च्या आसपास न्यावा लागेल. ४१ ला ९ दातांचं पिनियन घातलं तर ४.५६ येतो, म्हणजे जवळपास जमलं.

(४१, ४३, ३७ असे विचित्र आकडे का असतात, हे मी एकदा एका जुन्या मिस्त्रीला विचारलं होतं. त्या मूळ संख्या आहेत, पिनियनच्या दातांनी त्यांना भाग जात नाही. त्यामुळे तोच दात त्याच दाताला दर फेरीला भेटत नाही, सगळे दात आळीपाळीने सगळ्यांना भेटतात आणि झीज सारखी होते. शाळेत मूळ संख्या शिकवताना गुरुजींनी हे सांगितलं असतं तर निम्मा वर्ग गणितात पास झाला असता.)

तर ओढ. माल भरून ३ टनांची गाडी असेल तर क्राऊन न बदलता असा टायर लावल्यावर चढावर इंजिनाला ती ३.३६ टनांसारखी वाटते. म्हणजे साडेतीन क्विंटलचा माल तुम्ही न भरता, भाडं न घेता ओढताय. शेताच्या बांधावरून भरलेली गाडी सडकेवर काढताना हे साडेतीन क्विंटल बरोबर आडवे येतात.

पण मला हा विषय खरा कळला तो शेतात नाही, वर्सोव्याला. आमच्याकडून भेंडी, काकडी, शिराळी घेऊन गाड्या पहाटे अंधेरी पश्चिमेला जातात. सात बंगला, वर्सोवा या बाजूला आमची ठरलेली गिऱ्हाईकं आहेत. येताना कोळीवाड्यातून वाळलेली कचरा मासळी खतासाठी आणतो. नारळाला आणि आंब्याला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मनोरवरून हायवेला लागलं की वाटेत घोडबंदरजवळ खाडीवर पूल लागतो, त्यालाही लोक वर्सोवा पूलच म्हणतात. नवीन ड्रायव्हर तिथेच विचारतो, "आलं का वर्सोवा?" अरे बाबा, तो वर्सोवा वेगळा. आपला वर्सोवा म्हणजे दहिसर, बोरिवली, अंधेरी पार करून जे.पी. रोडच्या टोकाला समुद्राला टेकलेला.

त्या जे.पी. रोडला डोक्यावर मेट्रो आणि खाली गाड्यांची रांग. पुढे कोळीवाड्याच्या गल्ल्या. समोरून बर्फाची गाडी, बाजूला मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया, मध्ये एखादी रिक्षा. तिथे गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते. आता हिशेब करा. पाय सोडून पहिल्या गिअरला जी गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने सरकत होती, ती मोठ्या टायरवर सव्वासातने सरकणार. माणूस चालतो चार-पाचने. मग ड्रायव्हर काय करतो? हाफ क्लच. अंधेरी स्टेशनपासून कोळीवाड्यापर्यंत पाऊण तास हाफ क्लच. आमच्या आळीतल्या एका पोराने अशीच हौस केली आणि एका वर्षात दोनदा क्लच प्लेट बदलली. दुसऱ्या वेळी प्रेशर प्लेटही गेली. गाडीचा हप्ता चालू, वर हा खर्च, आणि गाडी गॅरेजमध्ये असताना चार दिवस माल दुसऱ्याच्या गाडीने भाडं देऊन पाठवला. तो पोरगा अजूनही म्हणतो की प्लेटच डुप्लिकेट होती. असेल. पण दोन्ही डुप्लिकेट?

वर्सोव्याचं दुसरं दुखणं खारं पाणी. भर पावसात मोठी भरती असली की सखल भागात पाणी साचतं. मोठ्या टायरवाले तिथे बिनधास्त घुसतात. त्यांना वाटतं गाडी वीतभर उंच झाली. झाली किती? व्यास वाढला ८४ मिलिमीटर, हौसिंग उचललं गेलं त्याच्या निम्मं, ४२. म्हणजे चार बोटंसुद्धा नाहीत, दोन-अडीच. हायवेवरून तापून आलेलं हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ९० नंबर ऑइलचं दूध होतं. खाऱ्या पाण्याचं दूध झालं तर बेअरिंग आणि क्राऊनच्या दातांचं काय होईल ते सांगायला नको. पाण्यातून गाडी गेली असेल तर हौसिंगचा बोल्ट खोलून ऑइलचा रंग बघा, टायर कोणत्याही मापाचा असो.

मीटरची गोष्ट तर कोणी बोलतच नाही. गिअर बॉक्सवरून चालणाऱ्या मीटरला टायर बदललेला कळत नाही. वाड्याहून वर्सोवा जाऊन-येऊन साधारण २०० किलोमीटर. मोठ्या टायरवर मीटर दाखवणार १७९. किलोमीटरवर भाडं लावणाऱ्याने २० रुपये दर धरला तरी फेरीला ४२० रुपये गेले, आणि त्याला पत्ताही नाही. उलट तो ओरडतो की गाडीचं ॲव्हरेज पडलं. थोडं पडतंही, पण त्यातला मोठा भाग मीटरने खाल्लेल्या किलोमीटरचा. ऑइल बदलायचं अंतरही चुकतं. आणि मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ६७ ने धावत असते. क्राऊन योग्य मापाचं टाकलं तर असं मीटर पुन्हा जवळपास खरं बोलायला लागतं. ज्या गाडीत वेग चाकावरच्या सेन्सरवरून मोजला जातो तिथे क्राऊन बदलूनही मीटर खोटंच राहणार.

आता ती सुटायची राहणारी गोष्ट. ब्रेक. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ धरतो आणि जोर लागतो जमिनीवर. टायर मोठा म्हणजे मधलं अंतर लांबलं. लांब दांड्याचं चाक थांबवायला जास्त जोर लागतो. याच १२ टक्क्यांच्या हिशेबाने, पायाने तेवढाच दाब दिला तर जमिनीवर ब्रेकचा जोर १०-११ टक्क्यांनी कमी मिळतो. क्राऊन-पिनियन इथे काहीही मदत करत नाही, कारण ते ब्रेकच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला बसलेलं आहे. ओढ परत आली म्हणून ड्रायव्हर खूश, आणि थांबायची ताकद कमीच. भरलेली गाडी, ओला हायवे, पुढे अचानक थांबलेला कंटेनर. मला तर गाडी ओढत नाही याच्यापेक्षा थांबत नाही याची भीती जास्त वाटते.

बरं, कोणी म्हणेल, मी करतो सगळं, क्राऊनही बदलतो. करा, पण ते काम काय आहे ते समजून करा. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. कुर्ल्याला जुन्या स्पेअरच्या बाजारात स्वस्तात एकटं पिनियन मिळतं म्हणून उचलून आणू नका. एकाचं पिनियन आणि दुसऱ्याचं क्राऊन म्हणजे रोजचं भांडण. नवी जोडी बसवताना पिनियन किती आत-बाहेर राहील ते शिम घालून ठरवावं लागतं, बेअरिंगचा ताण बघावा लागतो, दोघांमधला प्ले डायल गेज लावून मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजावा लागतो. मग दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघायचं. हाताने हलवून "ठीक आहे" म्हणणारा फिटर असेल तर गाडी त्याच्या दारातून परत आणा. चुकीचं बसलेलं क्राऊन आधी पन्नासच्या वेगाला हुंकार देतं, मग रडतं, मग हौसिंगच्या तळाला दात सापडतात.

आणखी एक अडचण. गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही हौसिंगमधला आकडा एकच ठेवावा लागतो. फक्त मागचं बदललं आणि फोर-बाय-फोरचा दांडा टाकला तर पुढचं एक सांगतं, मागचं दुसरं सांगतं आणि मधला ट्रान्स्फर केस पिळला जातो. म्हणजे खर्च दुप्पट. अमेरिकेत हा धंदाच आहे. तिकडे पिकअपला ३३ आणि ३५ इंची टायर लावणारे लोक ३.७३ चं क्राऊन काढून ४.१० किंवा ४.५६ चं टाकून घेतात आणि असं काम करणारी वेगळी गॅरेज असतात. त्यांची गाडी बहुतेक हौसेची. आपली गाडी घर चालवते.

माझ्या मताला खरा आधार जुन्या जीपचा आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. तिच्या क्राऊनला ३९ दात, पिनियनला ८, म्हणजे ४.८८. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्याला विकायची ठरली. नांगर ओढायचा, मळणी चालवायची, माल न्यायचा. मग कंपनीने काय केलं? टायर मोठे केले नाहीत. टायर ६.००-१६ च ठेवले आणि क्राऊन ४३ दातांचं केलं. आकडा ५.३८ वर नेला. शेतीच्या कामाला ओढ लागते हे त्यांना कळत होतं आणि ओढ कुठून येते हेही. पुढे महिंद्राने मुंबईत विलीजच्याच जीप जुळवल्या, आणि आपल्याकडच्या जुन्या लोकांनी त्या जीपने काय काय ओढलं ते आठवत असेल. आज आपण नेमकं उलटं चाललोय. ओढीचं काम वाढलं आणि आकडा खाली आणतोय.

ट्रॅक्टरवाल्यांनी हसू नये, तुमचाही नंबर आहे. मागचा १३.६-२८ काढून १४.९-२८ टाकणारे बरेच आहेत. व्यास अंदाजे ४ टक्के वाढतो. टू-व्हील ट्रॅक्टरला फार बिघडत नाही, थोडी ओढ जाते. पण फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा जमिनीवर किंचित पुढे धावतील असा हिशेब कंपनीने बांधलेला असतो, साधारण १ ते ५ टक्के. त्यामुळे पुढचा ॲक्सल ओढतो. तुम्ही एकटे मागचे टायर ४ टक्के मोठे केलेत आणि मूळ आघाडी ३ टक्के होती, तर आता पुढची चाकं मागे पडली. ती ओढत नाहीत, फरफटतात. चिखलणीत चाक घसरतं म्हणून कळत नाही. कोरड्या रानात आणि डांबरावर पुढचे टायर बघता बघता गुळगुळीत होतात. बदलायचे तर पुढचे-मागचे जोडीने, कंपनीच्या तक्त्यातलेच.

कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली साहेब मंडळी ही पोस्ट वाचतात, त्यांच्यासाठी यात एक पीकशास्त्राचा मुद्दाही आहे. पीटीओचा वेग इंजिनावर ठरतो, टायरवर नाही. म्हणजे ५४० फेऱ्यांवर रोटाव्हेटर तेवढाच फिरतो, पण ट्रॅक्टर ४ टक्के जास्त पुढे सरकतो. पात्याचा काप लांब होतो, ढेकूळ मोठं राहतं. फवारणी यंत्राचंही तसंच. जो एकरी २०० लिटर सोडायचा तो त्याच गिअरला, त्याच फेऱ्यांना १९२ सोडणार, आणि टाकीतल्या औषधाचं माप तर २०० च्या हिशेबाने टाकलेलं. ४ टक्क्यांत फार नुकसान नाही म्हणाल, पण नोझल झिजलेलं, ड्रायव्हर बदललेला, वर हे, असं करत करत औषधाचा डोस कुठल्या कुठे जातो आणि मग आपण म्हणतो कीड दाद देत नाही. बुदनीच्या चाचणी केंद्राच्या ट्रॅक्टर अहवालात प्रत्येक गिअरचा वेग आणि तो कोणत्या टायरवर काढला ते दिलेलं असतं. शेतकरी मेळाव्यात बियाणं आणि खतांवर दोन तास बोलता, त्यात दहा मिनिटं यावर बोललात तर उपकार होतील.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ घडणीत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टच केलं. टायरवरून आरटीओवाला रोज अडवेल असं नाही. पण अपघात झाला तर विमावाल्याला बोट ठेवायला जागा हवीच असते, ती आपण कशाला करून द्यायची?

मग चिखलाचं काय, असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या शेतरस्त्यांचे हाल मी रोज बघतो. पण चिखलात गाडी फसते ती टायर लहान म्हणून कमी आणि नक्षी गुळगुळीत झाली म्हणून जास्त. त्याच मापाचे जाड खाचांचे टायर मिळतात, ते मागे टाका. गाडी रिकामी असेल तर मऊ जागेत हवा थोडी कमी करा, वर्सोव्याच्या वाळूत उतरणाऱ्यालाही हेच करावं लागतं. पण सडकेला लागल्यावर, माल भरण्याआधी, परत हवा भरायची. हे विसरलात तर टायर तापून फुटेल. दोन ट्रॉली मुरूम सगळ्यांनी मिळून रस्त्यावर टाकला तर त्याला मोठ्या टायरच्या एका जोडीपेक्षा कमी पैसे लागतात. पण मुरूम दिसत नाही ना, टायर दिसतो.

मोठ्या टायरने कोणाचंच भलं होत नाही असं मी म्हणत नाही. रिकामी किंवा हलकी गाडी, लांबचा सपाट हायवे, रस्त्यात गर्दी नाही, अशा ठिकाणी इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं आणि डिझेलही थोडं वाचू शकतं. २१५ च्या जागी २३५/७५ टाकणाऱ्याचाही फरक ४ टक्क्यांच्या आसपासच, त्याला क्राऊन खोलायची गरज नाही, फक्त मीटरचा हिशेब लक्षात ठेवावा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघावं. माझं भांडण आहे ते १० टक्क्यांच्या वरच्या हौसेशी, आणि भरलेल्या गाडीशी. आणखी एक भांडण टायर विकणाऱ्यांशी आहे. "फिट बसतो" एवढंच सांगतात. रिमवर बसतो हो, हिशेबात बसतो का ते कोण सांगणार? गाडी घेताना शोरूममध्येही विचारा, क्राऊनला किती दात, पिनियनला किती. एकाच गाडीत दोन वेगवेगळे आकडे मिळत असतील तर माल वाहणाऱ्याने मोठा आकडा मागावा. शंभरातला एक विक्रेता उत्तर देईल. पण दहा शेतकऱ्यांनी विचारलं तर तो कुठून तरी शोधून आणेल.

ज्यांनी आधीच मोठे टायर लावलेत त्यांनी एवढं करा. गाडीत नेहमीचा माल भरा, हवा बरोबर करा. सपाट जागेवर मागच्या टायरला खडूने रेघ मारा आणि तिच्या खाली जमिनीवरही रेघ. गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे पूर्ण करा आणि दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा. पाचाने भागा. वजनाने टायर दबतो, म्हणून कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडं कमी येईल, आणि खरं माप तेच. तसंच स्टेपनी जुन्या मापाची उरली असेल तर ती चढवून मोजा. दोन्ही आकडे, गाडीचं नाव आणि क्राऊनचे दात माहीत असतील तर तेही मला पाठवा. आठवडाभरात जेवढे येतील त्यांचा तक्ता करून इथेच टाकतो, कोणाला किती आकड्याचं क्राऊन लागेल तेही त्यात लिहितो. उद्या पहाटे वर्सोव्याची फेरी आहे, त्यामुळे उत्तर द्यायला दुपार होईल.